क्रॉस कॉम्बिनेशन चालत नाही

माझ्या फोनमध्ये दोन आई आहेत. एक 'आई कराड', दुसरी 'आई घर'. पहिलीच्या पोटी मी जन्मले. दुसरीबरोबर गेली एकोणीस वर्षं पुण्यात एका स्वयंपाकघरात वावरते आहे. दोघींनाही मी आईच म्हणते, त्यामुळे फोन वाजला की मुलगा ओरडतो, "आई, कुठल्या आईचा?" सासरे जाऊन सात वर्षं झाली. माझे वडील गेल्या श्रावणात गेले. यंदा मार्चमध्ये कंपनीच्या पोर्टलवर आरोग्य विम्याची एन्रोलमेंट विंडो उघडली, तेव्हा वडिलांच्या रिकाम्या झालेल्या ओळीत मी सासूबाईंचं नाव टाकायला गेले. लाल अक्षरांत उत्तर आलं: क्रॉस कॉम्बिनेशन नॉट अलाउड. एच.आर.मधल्या मुलाला फोन लावला. तो अदबीनं बोलला बिचारा. "मॅडम, मला कळतंय. पण सिस्टीम घेत नाही. एकतर पॅरेंट्स, नाहीतर इन-लॉज. सेट असतो."

सेट! कपबशांचा असतो तसा. पण कपबशांच्या सेटमधला एक कप फुटला तर उरलेल्या बशीवर आपण दुसरा कप ठेवतो आणि चहा पितो. इथे तेवढीही सोय नाही. कालपरवापर्यंत कंपनी माझ्या घरच्या दोन वडीलधाऱ्यांचा हप्ता भरत होती. मला आताही दोघींचाच हवा होता. एकीचं वय ६८, दुसरीचं ६६. खर्च होता तेवढाच राहिला असता. उलट नियमामुळे हिशोब असा झाला की माझे वडील गेले आणि कंपनीचा एक हप्ता वाचला.

यंदा आमच्याकडे या विषयावर एरवीपेक्षा जास्त तोंडाळ चर्चा झाली, कारण परिपत्रकात आणखी एक ओळ होती: आईवडिलांच्या विम्याचा निम्मा हप्ता यापुढे पगारातून कापला जाईल, आणि पुढच्या वर्षापासून हे कव्हर ऐच्छिक राहील. कँटीनमध्ये दोन तट पडले. एक तट म्हणाला, कंपनी म्हणजे धर्मशाळा नव्हे, तुमच्या आईवडिलांचं तुम्ही बघा. दुसरा म्हणाला, आईबापांना ओझं समजणारी ही कसली संस्कृती? मग श्रावणबाळ आला, वृद्धाश्रम आले, परदेशात गेलेली मुलं आली. आठवडाभर हे चाललं आणि त्यात एकाही माणसानं विचारलं नाही की या यादीत कोण बसणार हे ठरवतं कोण, आणि कशाच्या आधारावर? पहिला तट विम्याला दान समजत होता, दुसरा त्याला आशीर्वाद समजत होता. तो पगाराचा भाग आहे, हे दोघेही विसरले.

माझं म्हणणं असं आहे. किती जणांचा आणि किती रकमेचा विमा द्यायचा हे कंपनीनं ठरवावं; पैसा तिचा, मर्यादाही तिची. पण ती माणसं कोण, हे कर्मचाऱ्यानं ठरवावं. आणि एकदा यादीत आलेल्या माणसाला, त्याला स्वतःला कळवल्याशिवाय आणि पुढची वाट दाखवल्याशिवाय, यादीतून काढू नये. नाव चढवण्याबद्दल सगळे भांडतात, नाव उतरवण्याबद्दल कोणी बोलत नाही. मला तर दुसरा प्रश्न जास्त गंभीर वाटतो, त्याकडे येतेच.

आधी समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करते. आमच्या टीममधला सव्वीस वर्षांचा एक मुलगा मला म्हणाला, "ताई, राग मानू नका. माझे आईबाबा दोघेही सरकारी नोकरीतून निवृत्त झालेत, त्यांची सोय वेगळी आहे. माझं लग्न झालेलं नाही. मग तुमच्या आईच्या गुडघ्याचे पैसे मी का भरू?" प्रश्न उद्धट नव्हता, आणि चुकीचा तर नव्हताच. ग्रुप मेडिक्लेमचा हप्ता पुढच्या वर्षी किती असेल हे यंदाच्या क्लेम रेशोवर ठरतं. शंभर रुपये हप्ता घेऊन विमा कंपनीला सव्वाशे द्यावे लागले, तर पुढच्या वर्षी ब्रोकर वाढीव आकडा घेऊनच येतो. ज्येष्ठांचे क्लेम संख्येनं जास्त आणि रकमेनंही मोठे. तो वाढीव हप्ता कंपनीच्या ज्या तिजोरीतून जातो, तिच्यातूनच पगारवाढही निघते. म्हणजे माझ्या आईच्या गुडघ्याचा थोडा भार त्या मुलाच्या पगारवाढीवर पडतो, हे खरं आहे. ज्यांना हे नाकारायचं असेल त्यांनी खुशाल संस्कृतीवर व्याख्यान द्यावं.

मग उपाय काय? कव्हर ऐच्छिक करा, ज्याला हवं तो पैसे भरेल, असं परिपत्रक म्हणतं. ऐकायला न्याय्य वाटतं, पण विम्याचं गणित इथेच मोडतं. ऐच्छिक म्हटलं की आधी कोण बाहेर पडणार? ज्यांचे आईवडील ठणठणीत आहेत ते. मागे उरणार मधुमेहवाले, स्टेंटवाले, डायलिसिसवाले. रेशो बिघडणार, हप्ता वाढणार, मग त्यांच्यातलेही बरे असलेले निघून जाणार. दोन-तीन वर्षांत उरलेल्या मूठभरांचा हप्ता इतका होतो की ब्रोकर स्वतःच सांगतो, साहेब, हे आता बंद करा. फक्त आजारी माणसंच यादीत येतील या ज्या भीतीपोटी निवडीचं स्वातंत्र्य नको म्हणतात, ती भीती खरी करून दाखवणारी ही पद्धत आहे. तो सव्वीस वर्षांचा मुलगा पस्तिशीचा होईल, लग्न होईल, बायकोची आई त्याच्याकडे राहायला येईल, तेव्हा त्याच्यासाठी काही शिल्लक असावं असं वाटत असेल, तर सगळ्यांनी आत राहायला हवं. विमा म्हणजे भिशी नव्हे, की आपण भरले तेवढे आपल्या पाळीला उचलले. भार आटोक्यात ठेवायचे मार्ग आहेत: ज्येष्ठांच्या क्लेमवर दहा-वीस टक्के को-पे ठेवा, म्हणजे बिलाचा तेवढा वाटा आम्ही भरू, खोलीभाड्याला मर्यादा घाला, रक्कम तीन लाखांवर थांबवा. मी तक्रार करणार नाही. पण त्या मुलालाही त्याच्या वाट्याच्या जागा वापरता यायला हव्यात. त्याची धाकटी बहीण शिकते आहे, तिला त्यात बसवता आलं पाहिजे. आज पोर्टलच्या यादीत 'सिब्लिंग' हा शब्दच नाही. म्हणून त्याला वाटतं की हा सगळा खेळ लग्न झालेल्यांसाठी मांडलाय. आणि त्याचं वाटणं बरोबर आहे.

आता 'सेट'कडे येऊ. आईवडील किंवा सासूसासरे, दोहोंपैकी एकच जोडी, हा नियम कुठून आला? विमा कंपनीचं उत्तर तयार असतं: मोकळीक दिली तर लोक चौघांमधली सगळ्यात आजारी दोन माणसं उचलून टाकतील. टाकतील, नाही असं नाही. पण आजच्या नियमातही लोक दोन जोड्यांमधली जास्त आजारी जोडी निवडतातच. चौघांतून दोघं आणि दोन जोड्यांतून एक, यात फरक आहे. पण तो इतका मोठा नाही की त्यासाठी विधवा आई आणि विधवा सासू यांना एकमेकींसमोर उभं करावं. फार तर अशी अट घाला की एकदा निवडलं की तीन वर्षं बदल नाही; जन्म, मृत्यू, लग्न, घटस्फोट एवढेच अपवाद. दरवर्षी उड्या मारता येणार नाहीत म्हटल्यावर हुशारीला वावच उरत नाही. जिथे जोडीच उरलेली नाही तिथे जोडीचा नियम लावण्यात विम्याचं शास्त्र कुठलं? तो एखाद्या सॉफ्टवेअरवाल्यानं कधीतरी लिहिलेला तर्क आहे, आणि त्याच्या डोक्यात कुटुंब म्हणजे भिंतीवरचा फोटो: मध्ये नवराबायको, मागे उभे आजीआजोबा, दोघंही हयात.

गंमत म्हणजे कायद्याची भाषा याहून मोकळी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत कुटुंबाची व्याख्या आहे. तिच्यात अवलंबून असलेले आईवडील आहेत, आणि महिला कर्मचाऱ्याच्या बाबतीत सासूसासरेही त्यांच्यातच धरलेले आहेत. शब्द नीट पाहा. तिथे 'किंवा' नाही. उत्पन्नाची अट आहे, पण एकाला घेतलं म्हणून दुसऱ्याला सोडा असं म्हटलेलं नाही. आमच्या मजल्यावर झाडूपोछा करणाऱ्या मावशी कंत्राटदाराकडे आहेत. २१ हजारांच्या आतला पगार, म्हणून त्यांना ईएसआय, म्हणजे याच संहितेतला कामगार राज्य विमा. दरमहा त्यांच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. त्या मावशींच्या कुटुंबाला कायद्यानं दिलेली जागा माझ्या वातानुकूलित पोर्टलवरच्या कुटुंबापेक्षा ऐसपैस आहे. आता, ईएसआयच्या दवाखान्यात प्रत्यक्ष काय मिळतं हा निराळा विषय, त्यावर मावशी मला दोन तास ऐकवू शकतील. मी इथे फक्त व्याख्येबद्दल बोलते आहे.

ती व्याख्याही एका दिवसात रुंदावली नाही. औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याचा आराखडा प्रा. बी. पी. अदारकर यांनी १९४४ मध्ये सादर केला, तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं डॉ. आंबेडकरांकडे होतं. ईएसआयचा कायदा झाला १९४८ मध्ये, आणि २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. सुरुवातीला औषधोपचार मिळायचे ते फक्त कामगाराला. बायकामुलं नंतर आली, आईवडील त्याहून नंतर. प्रत्येक टप्प्यावर हेच विचारलं गेलं की एवढ्यांना पुरणार कसं? हिशोबाचा प्रश्न रास्तच होता. पण त्या काळी गिरणगावात राहणाऱ्या कोकणातल्या माणसाला 'तुझं कुटुंब कोण' असं विचारलं असतं, तर त्यानं काय सांगितलं असतं? खोलीतले दहाबारा गाववाले, खानावळ चालवणारी बाई, आणि गावाकडे मनीऑर्डरची वाट बघणारी आई, विधवा बहीण, भावाची पोरं. कारखान्याच्या रजिस्टरमध्ये मात्र तो एकटा. मालकाच्या वहीतलं कुटुंब आणि मनीऑर्डरच्या पावतीवरचं कुटुंब यांचा मेळ तेव्हाही बसत नव्हता. खरं अवलंबित्व बघायचं असेल तर पावती बघावी.

आणि लेकींचं काय? कल्याणच्या एका डॉक्टर मुलीचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. वडिलांनी पोटगी मागितली होती, मुलीचं लग्न झालेलं होतं. कायद्यात शब्द मुलाला उद्देशून, पुल्लिंगी. म्हणून मुलीवर जबाबदारी नाही, असा तिच्या बाजूचा मुद्दा होता. १९८७ मध्ये न्यायालयानं तो फेटाळला: लग्न झालं तरी मुलगी ही मुलगीच, आणि ऐपत असेल तर आईवडिलांना सांभाळण्याची जबाबदारी तिचीही. एकदा जबाबदारी दिली की तिच्याबरोबर साधनही द्यायला नको का? आमच्या मराठी घरांत आजही लग्न झालेल्या मुलीनं माहेरी पैसे पाठवले तर ते हळू आवाजात पाठवायचे असतात. पोर्टलवरचं 'पॅरेंट्स' की 'इन-लॉज' हे गोल बटण त्याच हळू आवाजात विचारतं: तुझं खरं घर कुठलं? टीममधल्या एका मैत्रिणीनं दोन वर्षांपूर्वी 'पॅरेंट्स' निवडलं, तर घरी सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत. तिनं मला बाथरूममध्ये तोंड धुता धुता विचारलं, "माझी आई आजारी आहे हे मी कोणाला आणि किती वेळा पटवून द्यायचं?" विमा कंपनीच्या हिशोबात हा खर्च कुठल्या रकान्यात पडतो?

बरं, हे फक्त बायकांपुरतंही नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या आरोग्य योजनेत, सीजीएचएसमध्ये, बराच काळ आईवडील की सासूसासरे ही निवड फक्त महिला कर्मचाऱ्याला होती. २०२३ मध्ये ती पुरुषालाही मिळाली. म्हणजे सरकारनं मान्य केलं की जावईही सासूसासऱ्यांना सांभाळतो आणि तरी तो घरजावई ठरत नाही. सरकारी फायलीची चाल आपल्याला माहीत आहे. ती फाईल इथवर पोचली, आणि दर सहा महिन्यांनी लोगो बदलणाऱ्या कंपन्यांना ड्रॉपडाऊनमधला एक 'किंवा' काढता येत नाही? (सीजीएचएसमध्येही 'किंवा' आहेच, मी त्यांना पैकीच्या पैकी गुण देत नाहीये.)

एक आक्षेप मला खरंच अडवतो. मोकळीक दिली की लोक शेजारणीला आत्या करून घुसवतील. आजारी माणसाकडून पैसे घेऊन जागा विकणारेही निघतील. नातं सिद्ध करायला एखादं कागदपत्र पुरतं; अवलंबित्व सिद्ध करायला काय दाखवायचं? हे अवघड आहे, मान्य. म्हणून मी कोणालाही टाका असं म्हणत नाही. रक्ताची आणि लग्नाची नाती एवढं कुंपण राहू दे, पण त्याच्या आत आत्या, मावशी, बहीण, भाऊ, सासू सगळ्या येऊ देत. आणि त्या पलीकडचं कोणी एकाच पत्त्यावर राहत असल्याची कागदं दाखवत असेल तर त्याचाही विचार व्हावा. २०२२ मध्ये चंदीगडच्या एका परिचारिकेच्या बाळंतपणाच्या रजेचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे की कुटुंब म्हणजे आईबाप आणि मुलं एवढाच साचा नसतो. जोडीदाराचा मृत्यू, पुनर्विवाह, लग्नाशिवायची सोबत, समलिंगी नातं अशा अनेक वाटांनी घर बनतं आणि त्या घरांनाही कायद्याचं संरक्षण मिळायला हवं. तिला रजा नाकारली होती ती का? नवऱ्याच्या आधीच्या लग्नाच्या दोन मुलांसाठी तिनं पूर्वी बालसंगोपन रजा घेतली होती, म्हणून स्वतःचं बाळ तिचं 'तिसरं' मोजलं गेलं. रकाना भरणाऱ्यांचं डोकं कसं चालतं याचा याहून चांगला नमुना मला सापडलेला नाही.

मालकावर भार टाकला की तो माणसं घेताना हात आखडतो, असं म्हणणाऱ्यांकडे इतिहासातला पुरावाही आहे. मुंबई प्रांतात १९२९ मध्ये प्रसूतिलाभाचा कायदा आला. त्यावरच्या चर्चेत कायदेमंडळात डॉ. आंबेडकरांनी त्याची बाजू मांडली होती. आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं, म्हणून भार सरकारनंही उचलावा, पण बाईच्या श्रमातून मालकाचा नफा होतो, तेव्हा त्यालाही पूर्ण सुटका नाही, असा त्यांचा रोख होता. कायदा झाला, पैसे एकेका गिरणीमालकानं द्यायचे ठरले, आणि पुढच्या काळात गिरण्यांमधल्या बायका कमी होत गेल्या. रात्रपाळीवरची बंदी होती, नवी यंत्रं होती. पण बाई महाग पडते हा हिशोबही होताच. मग यातून बायकांना लाभ नको असा धडा घ्यायचा का? पुढे ईएसआयनं प्रसूतिलाभ सामायिक निधीत आणला. कुठल्या कारखान्यात किती बायका आहेत यावर मालकाचा टक्का अवलंबून राहिला नाही. माझं मागणं याच वाटेनं जाणारं आहे. प्रत्येकाला ठरावीक जागा, सगळ्यांना सारख्या, म्हणजे मुलाखतीला आलेल्या उमेदवाराच्या घरी किती म्हातारी माणसं आहेत याच्याशी एच.आर.ला घेणंदेणंच उरत नाही.

आता नाव काढण्याबद्दल. वडील गेल्यावर तेराव्यानंतर मी पोर्टल उघडलं. वडिलांच्या नावापुढे कचऱ्याच्या डब्याचं चित्र. त्यावर बोट ठेवलं की कारण विचारतात: डिव्होर्स, डेथ, नॉट एलिजिबल, अदर. दुसरं निवडलं. मृत्युदाखला जोडला. चार मिनिटांत मेल आला: युवर डिपेंडंट हॅज बीन रिमूव्ह्ड सक्सेसफुली. शेवटचा शब्द मी बराच वेळ वाचत बसले. उरलेल्या महिन्यांच्या हप्त्याचा हिशोब विमा कंपनी आणि आमची कंपनी आपसात करून टाकतात. जागा मात्र मार्चपर्यंत रिकामीच. मधल्या काळात नाव घालता येतं ते फक्त नव्या नवऱ्याचं, बायकोचं किंवा बाळाचं, तेही साधारण तीस दिवसांत. घरात लग्न झालं की नवं माणूस येतं, बाळंतपण झालं की येतं, हे यंत्राला माहीत आहे. घरात मरण झालं की विधवा सासू सुनेच्या, विधवा आई लेकीच्या दारात येते, हे त्याला कोणी शिकवलेलं नाही.

मरणाचं सोडा, जिवंत माणसांना कसं काढतात ते पाहा. घटस्फोटाचा अर्ज कोर्टात पडून असतानाच नवऱ्यानं पोर्टलवर एक बटण दाबलं की बायकोचं कार्ड बंद. तिला कधी कळतं? रुग्णालयाच्या कॅशलेस काउंटरवर, विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या मध्यस्थाचा, टीपीएचा, नकार आल्यावर. अनेक पॉलिसींत मुलगा पंचविशीचा झाला की नाव आपोआप गळतं. तो धडधाकट असेल तर ठीक. पण जन्मापासून अपंग असलेल्या मुलाचं? सामाजिक सुरक्षा संहिता अशा मुलाला वयाची मर्यादा लावत नाही, पोर्टलवर मात्र वाढदिवसाची तारीख तेवढी वाचली जाते. आणि नोकरी सुटली तर शेवटच्या दिवशी रात्री बारा वाजता अख्खं कुटुंब एकदम विम्याबाहेर. यादीतलं नाव कर्मचाऱ्याचं बटण, यंत्राची तारीख किंवा कंपनीचं पत्र यांपैकी कशानंही जाऊ शकतं, आणि ज्याचं नाव आहे त्याला त्यात कुठेच विचारलं जात नाही.

अमेरिकेतल्या आरोग्य विम्याला नावं ठेवणं हा आपल्याकडचा आवडता उद्योग आहे, आणि तिकडे राहणाऱ्या आपल्या नातलगांकडून बिलांच्या कथा ऐकल्यावर त्यात फार चूकही वाटत नाही. पण त्यांच्याकडे १९८० च्या दशकापासून 'कोब्रा' नावाचा कायदा आहे. वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीत घटस्फोटामुळे, कर्मचाऱ्याच्या मृत्यूमुळे किंवा वय ओलांडल्यामुळे कोणी यादीतून गळलं, तर त्याला त्याच योजनेत स्वखर्चानं ३६ महिन्यांपर्यंत राहता येतं. महाग पडतं, पूर्ण हप्ता आणि वर दोन टक्के. पण तो हक्क त्या गळलेल्या माणसाचा स्वतःचा असतो आणि त्याला तसं कळवावं लागतं. आपल्याकडे विमा नियामकानं एक वाट ठेवली आहे: ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडणाऱ्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आधीची वर्षं प्रतीक्षाकालावधीतून (जुन्या आजाराचा खर्च मिळण्याआधी थांबावं लागतं त्या काळातून) वजा होतात. चांगली तरतूद आहे. मी गेल्या पंधरा दिवसांत ऑफिसातल्या अकरा जणांना विचारलं. एकालाही माहीत नव्हती. कचऱ्याच्या डब्याच्या चित्राखाली ही एक ओळ टाकायला आणि ज्याचं नाव जातंय त्याच्याच मोबाईलवर एक मेसेज पाठवायला किती खर्च येईल? पिझ्झा निघाला की तीन मेसेज येतात.

यावर शेवटचं उत्तर असं मिळतं की हे सगळं सरकारनं करायचं, कंपन्यांनी नव्हे. तत्त्वतः मला ते पटतं. आरोग्याची सोय नोकरीला बांधणं हेच मुळात विचित्र, नोकरी सुटते तेव्हाच ती जास्त लागते. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, आयुष्मान योजनेत कुटुंबामागे पाच लाखांचं कव्हर आहे; महाराष्ट्रात महात्मा फुले योजनाही आता सगळ्या शिधापत्रिकाधारकांसाठी आहे. पण तिथे यादीतलं रुग्णालय, यादीतला उपचार आणि रिकामी खाट असं तिन्ही जुळावं लागतं. बाजारात वैयक्तिक पॉलिसी घ्या म्हणावं, तर एप्रिल २०२४ पासून पासष्टीपुढच्यांसाठीही पॉलिसी ठेवणं विमा कंपन्यांना भाग आहे आणि सप्टेंबर २०२५ पासून त्या हप्त्यावर जीएसटीही नाही. (ग्रुप पॉलिसीवर मात्र तो १८ टक्के कायम आहे, तेव्हा माझ्या पगारातून कापल्या जाणाऱ्या निम्म्या हप्त्यावर सरकार कर घेतं.) अडचण वेगळीच आहे. बहुतेक ग्रुप पॉलिसींत जुना आजार पहिल्या दिवसापासून धरतात. वैयक्तिकमध्ये त्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबवता येतं.

शुक्रवारी संध्याकाळी सहाला विंडो बंद व्हायची होती. मी 'पॅरेंट्स' निवडलं, कारण कराडच्या आईला माझ्याशिवाय एकच मुलगी, माझी बहीण, आहे आणि तिच्या नोकरीत विमाच नाही. माझ्या नवऱ्याचा छापखाना आहे, तिथे ग्रुप पॉलिसीचा प्रश्नच येत नाही. त्यानं सासूबाईंसाठी वेगळी पॉलिसी काढली. हप्ता त्याच्याच खात्यातून भरला, कारण सुनेनं भरला तर आयकरातली ८०डीची वजावट नाही, करखात्याच्या लेखी सासू ही 'पॅरेंट' नव्हे. मधुमेह आणि गुडघे, दोन्ही जुने आजार म्हणून प्रस्तावात लिहिले. प्रतीक्षा तीन वर्षं. सासूबाई पॉलिसीचा कागद चष्मा लावून वाचत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे एकोणसत्तर होईपर्यंत पडायचं नाही. आणि सत्तरला सरकारचं कार्ड मिळतं म्हणतेस." मग त्यांनी विचारलं की त्या ओळीत आता कोणाचं नाव आहे. मी पोर्टल उघडून दाखवलं. आईच्या नावाखालची ओळ राखाडी होती, आणि तिच्यात लिहिलं होतं: नॉट ॲप्लिकेबल.